बादल बैलाची मच्छरदाणी

वच्छलाकाकूंचं नाव आधी लिहितो, बाकी सगळं मागनं. बुलढाणा जिल्ह्यात धाडच्या अलीकडं एक गाव आहे, तिथं त्या राहतात. त्यांच्या घरी मी सतरा दिवस होतो. पाहुणा म्हणून गेलो आणि घरच्या माणसागत निघालो. त्या सतरा दिवसांत त्यांनी, आणि गावच्या आशा कार्यकर्त्या मंगलाताई यांनी माझ्यासाठी जे केलं ते आमच्या वाचनालयाच्या अंकात यावं म्हणून गुरुजींनी मला लिहायला बसवलंय. आठवीत शाळा सोडली तेव्हा ह्याच गुरुजींनी दोनदा घरी येऊन वडिलांना समजावलं होतं. आता त्यांनी सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी शेतात सौर पंप बसवायचं काम करतो. खांब रोवायचे, त्यावर सौर पाट्या चढवायच्या, तारा जोडून पाणी बाहेर पडलं की पुढच्या गावाला. घर आजरा तालुक्यात, पण वर्षातले सात-आठ महिने मी घराबाहेरच असतो. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा पोस्टमन जास्त वेळा दारात दिसतो.

मलकापूर

बुलढाण्याला जायच्या आधी तीन आठवडे आम्ही गडचिरोलीकडच्या जंगलपट्ट्यात होतो. तिथं राहायला एक शेड दिली होती आणि प्रत्येकाला एक-एक मच्छरदाणीही दिली होती. खरं ते लिहितो. आत गुदमरल्यासारखं होतं म्हणून मी माझी मच्छरदाणी घडी करून उशाला घेत होतो. उशी चांगली मऊ व्हायची. डासांचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. आमच्याकडं पावसाळ्यात भाताच्या शेतात उभं राहिलं तर डास आणि जळवा दोन्ही लागतात, म्हणून कोण घरी बसतंय का?

मलकापूर स्टेशनला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. कामावरचा जोडीदार पुढं देऊळगावराजाच्या कामावर जायचा होता, तो तिथंच वेगळा झाला. स्टेशनबाहेर एकानं कागदावर कचोरी दिली, बरोबर तळलेली मिरची. आम्हा कोल्हापूरकडच्या लोकांना तिखटाची ऐट असते, पण ती मिरची खाल्ल्यावर मी गाडीवाल्याकडं पाण्यासाठी बघायला लागलो. तो हसला नाही, त्यानं नुसता तांब्या पुढं केला. ह्या मुलखात पुढंही माझ्यावर कोणी हसलं नाही, हे आता आठवलं की बरं वाटतं.

एसटीनं घाट चढायला सुरुवात केली आणि मला थंडी वाजली. बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या बाईनं पदरानं वारा घेतलेला आणि मी बॅगेतनं स्वेटर काढून घातलेला. घाटाच्या दोन्ही अंगांना सगळं हिरवं होतं. बुलढाणा वर डोंगरावर आहे, हवा थंडच असणार, असं मी मनाला सांगितलं. बुलढाण्याहून जीपनं गावाला पोचेपर्यंत थंडी गेली आणि अंग तापलं. गावात उतरताना दरदरून घाम आला, मग एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, झालं, प्रवासाचा शीण होता, गेला.

तो शीण नव्हता, हे मला आतून कळत होतं. पण ठेकेदाराला कळलं तर तो घरी पाठवणार, आणि एकदा घरी पाठवलेल्या माणसाच्या जागी दुसरा येतो. म्हणून मी कोणालाच बोललो नाही.

पहिली संध्याकाळ

ज्यांच्या शेतात पंप बसवायचा होता ते शालिकरामभाऊ म्हणजे वच्छलाकाकूंचे मालक. साठीचे, बोलायला कमी. पाट्यांची गाडी यायला दिवस लागणार होते, तोवर खड्डे खणून खांब रोवायचे आणि राहायचं त्यांच्याकडंच, असं ठरलं होतं. घरात ती दोघं आणि त्यांची लेक रेखा. रेखा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. तिचं सासर मेहकरला.

मी पोचलो तेव्हा काकू माळवदावर होत्या. त्यांनी वरनंच विचारलं, "कोल्हापूरवाले का? बसा, बसा. ही वाळली का आलीच." त्यांच्या हातात पांढरी शुभ्र मच्छरदाणी होती आणि ती त्या उन्हात झटकत होत्या. नंतर कळलं, ती नवी कोरी होती. मागं कधी गावात आरोग्यवाल्यांनी वाटली तेव्हापासून पेटीत घडी घालून ठेवलेली, जावई येतील तेव्हासाठी. जावई पोळ्याला येणार होते, त्याआधी मी आलो. वापरायला काढायची तर ती पेटीतल्या वासाची कशी द्यायची, म्हणून त्यांनी त्या दिवशी सकाळी सोडा टाकून कढत पाण्यात उकळली, दगडावर आपटली आणि उन्हात वाळवली. परक्या माणसाला धुतल्याशिवाय काही द्यायचं नाही, ही त्यांची रीत. आमच्याकडंही पाहुण्याला पेटीतलं नवं घोंगडं काढतात, पण उकळत नाहीत.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. मी अर्धीच भाकरी खाल्ली तर काकूंना वाटलं मला त्यांचं जेवण रुचलं नाही. त्यांनी घाईनं दही आणलं, मग गूळ आणला. मला लाज वाटली. पुढच्या खोलीत माझी खाट घातली होती, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून वर ती मच्छरदाणी. आत शिरताना नव्या कापडाचा आणि सोड्याचा वास आला. मला माझी गडचिरोलीकडची उशी आठवली. इतक्या मानानं दिलेली वस्तू उशाला घेणं शोभलं नसतं, म्हणून त्या दिवसापासून मी मच्छरदाणीत झोपायला लागलो. शहाणपण म्हणाल तर त्यात तेवढंच.

गोठा

सकाळी दात घासत गोठ्याकडं गेलो तर तिथं आणखी एक मच्छरदाणी. हिरवी, मळकी, चार मेढींना ताणून बांधलेली, आणि आत एक म्हातारा पांढरा बैल शांतपणे रवंथ करत उभा. मला हसू आलं. शालिकरामभाऊ शेण भरत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

बैलाचं नाव बादल. जोडीतला दुसरा मागल्या साली मेला आणि शेत आता ट्रॅक्टरनं नांगरतात, पण बादलला त्यांनी विकलं नाही. एकटा पडल्यापासून त्याला माशा-डास फार त्रास देतात, शेपूटही पूर्वीसारखी चालत नाही, म्हणून ही व्यवस्था. मी विचारलं, भाऊ, मग तुम्ही कशात झोपता? अंगणात झोपतो, म्हणाले. आणि डास?

"मले चावले तं म्या बोलू शकतो," ते म्हणाले. "त्याले बोलता येते का?"

घरी जाऊन हे बायकोला सांगायचं, असं तेव्हाच ठरवलं.

ताप

एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला थंडी. तिसऱ्या वेळेला मी शेतात खड्डा खणत होतो. पहार हातातनं सुटली, दात वाजायला लागले आणि मी खड्ड्याच्या कडेलाच बसलो. समोर कपाशी, पलीकडं सोयाबीन, वर ऊन, आणि मी पावसात भिजलेल्या कुत्र्यागत थरथरत होतो. शालिकरामभाऊंनी मला खांद्याला धरून घरी आणलं. काकूंनी दोन गोधड्या टाकल्या, वर स्वतःचं जुनं लुगडं टाकलं, तरी खाट हलत होती. पाणी रेखा देत होती. पोटावर एक हात ठेवून ती वाकायची आणि दुसऱ्या हातानं पेला माझ्या तोंडाशी धरायची.

तिनंच मंगलाताईंना फोन केला. मी नको म्हणत होतो, क्रोसिन घेतो, उतरेल. ती म्हणाली, दादा, तुम्ही झोपा.

मंगलाताई पिशवी घेऊन आल्या. चाळिशीच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात हलका. बोटाला सुई कधी टोचली ते कळलं नाही. रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला, एक काचेवर पसरला. मग पट्टी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, इथं यायच्या आधी कुठं होता? मी सांगितलं. थंडी कधीपासून आहे? मी म्हटलं, आजच. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मग मी खरं सांगितलं, मलकापूरपासून आहे म्हणून.

काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं.

पट्टीवर रेघ उठली होती. मलेरिया. गोळ्या देताना मंगलाताईंनी मला सांगितलं की चौदा दिवस चुकवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बरं वाटेल, म्हणून सोडायच्या नाहीत. मग त्यांनी वही काढली. घरात ताप निघाला की घरातलं सगळं लिहायचं असतं. त्यांनी काकूंना विचारलं, घरात मच्छरदाण्या किती?

"तीन," काकू अभिमानानं म्हणाल्या.

वापरात?

"तिन्हीबी वापरात हायेत."

"कोण झोपते त्याच्यात?"

काकूंनी बोटं मोजली. "एकीत हे पाव्हणे. एकीत बादल. एक कांद्याच्या रोपावर टाकेल हाय, पाखरं लय करतात न."

मंगलाताईंनी पेन खाली ठेवलं. "अन् रेखा?"

"ते तं घरचीच हाय," काकू म्हणाल्या.

"वच्छलाकाकू, म्या पुस्तकात काय लिहू? बादलले मलेरिया होत नाई म्हणून?"

मला हसू यायला हवं होतं. पण मंगलाताई पुढं बोलत होत्या. ह्यांना चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला चावला की हाच ताप त्याला होतो, आणि पोटुशी बाईला हा ताप फार वाईट, तिला आणि पोटातल्याला दोघांनाही. ताप असलेल्यानं आणि रेखानं दोघांनीही आजपासून मच्छरदाणीतच झोपायचं. ती उकळली, हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तिच्यात डासाची दवा होती, ती सगळी नालीत गेली. पुढं कधी धुतली तर गार पाण्यात, आणि वाळवायची सावलीत. पण जाळी शाबूत आहे, तेवढी तरी कामाची आहे.

आणि मी चार दिवस त्या घरात फिरलो होतो. जेवण झाल्यावर अंगणात उघड्यावर बसत होतो आणि रेखा शेजारी भाजी निवडत बसायची. मी तोंड गोधडीत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या रक्ताची भीती वाटली.

कोणाला कोणती

मंगलाताई रेखाचं रक्त घेऊन गेल्या. पट्टी कोरी निघाली, पण त्यांनी सांगून ठेवलं की धोका टळलेला नाही. जरा कणकण आली तरी बोलवा, आणि दहा दिवसांनी परत बघू.

आता मच्छरदाणी. कांद्याच्या रोपावरची उन्हापावसानं फाटलेली, तिचा उपयोग नव्हता. राहिल्या दोन. एक पांढरी, जावयासाठी राखलेली, आणि एक बादलची. शालिकरामभाऊ गोठ्यात गेले आणि बादलची सोडून घेऊन आले. तिला शेणाचा वास, एका बाजूला भोक. ती अंगणात टाकून ते परत गोठ्यात गेले आणि कडुनिंबाचा पाला पेटवून बादलसाठी धूर करत बसले.

मी काकूंना म्हटलं, पांढरी रेखाला द्या, मी बैलाची घेतो.

काकूंना ते मुळीच पटलं नाही. रेखा घरची, तिनं बैलाची घेतली तर काय बिघडतं, धुऊन देते. पण पाहुण्याला बैलाच्या मच्छरदाणीत झोपवायचं? गावात तोंड कसं दाखवायचं? "इतक्या दुरून आलेल्या माणसाले म्या बैलाचं पांघरूण दिलं, असं लोक म्हणतीन," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. रेखा म्हणाली, आई, मले काही नाई होत. मायलेकी दोघी मला चांगली द्यायला बसल्या होत्या आणि मी ताप लपवून त्यांच्या घरात आलेला माणूस.

मग मी उठून बसलो. मी बोलायला धीट नाही, पण बोललो. म्हटलं, काकू, मी चोरून आजार घेऊन आलो. तुम्ही मला त्याबद्दल अजून एक शब्द बोलला नाहीत. पाहुणा असा वागत नाही. मला आता पाहुणा म्हणू नका, घरचा म्हणा, आणि घरच्याला द्यायची ती द्या.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "घरचा अशीन तं मंग घरच्यासारखा ऐकजो. बरा होईस्तोर पहारीले हात लावायचा नाई. अन् ताटात टाकलं ते संपवायचं."

मी हो म्हटलं. पहारीला नाही पण हातोडीला हात लावला. काकू ओरडत असताना मी मधल्या खोलीच्या भिंतीत चार खिळे ठोकले आणि रेखाच्या खाटेवर ती पांढरी मच्छरदाणी अशी ताणली की तिला कुठं सुरकुती नाही. खाली गादीत कशी खोचायची तेही दाखवलं. सगळी जिंदगी खांब सरळ उभे करण्यात गेली, इतकं तरी मला येतं. मग बैलाची मच्छरदाणी काकूंनी गार पाण्यात खळबळली, सावलीत वाळवली, भोकाला ठिगळ लावलं, आणि मी तिच्यात झोपलो. शेणाचा वास शेवटपर्यंत गेला नाही. खोटं नाही सांगत, तीन दिवसांनी मला तो आवडायला लागला.

पोळा

त्या दिवसांत काकूंनी मला ज्वारीच्या कण्या ताकात घालून खाऊ घातल्या. आमच्याकडं आजाऱ्याला घनसाळ तांदळाची पेज देतात, मऊ आणि वासाची. मी काकूंना पेजेचं वर्णन सांगायचो, त्या म्हणायच्या, असा कसा बाप्पा वासाचा तांदूळ, आणि आणखी एक पळी कण्या वाढायच्या. मंगलाताई रोज गोळी घेतली का बघायला यायच्या आणि जाताना मधल्या खोलीत डोकावून रेखाची मच्छरदाणी खोचलेली आहे का ते बघायच्या. ठेकेदाराला मी फोन करून खरं सांगितलं. तो थोडा कुरकुरला, मग म्हणाला, तसंही गाडी आठ दिवस येत नाही, पड तिथंच. एवढ्यासाठी मी ते चार दिवस लपवलं होतं.

पोळ्याला जावई आले. बादलची शिंगं रंगवली होती, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं. त्याला ओवाळून पुरणपोळी चारली. आमच्याकडं बेंदूर असतो, तोही बैलांचाच सण, पण एकट्या बैलाला असं मिरवून आणताना मी पहिल्यांदा बघितलं. शालिकरामभाऊ त्याच्या बाजूनं चालत होते आणि जोडीची दुसरी बाजू मोकळी होती.

काकू जावयांपुढं ओशाळल्या होत्या. त्यांच्या नावाची मच्छरदाणी आता त्यांना द्यायला नव्हती. जावई चेष्टेखोर निघाले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तीन वर्सं वाट पाह्यली अन् माह्या मच्छरदाणीचं उद्घाटन कोल्हापूरनं केलं." मग मधल्या खोलीत ती कोणावर बांधली आहे ते त्यांनी बघितलं, मंगलाताई काय म्हणाल्या ते रेखानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते धाडला जाऊन आले आणि सासूच्या हातात नवी मच्छरदाणी ठेवली. मामी, ही तुमच्यासाठी, म्हणाले.

काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली, आणि उठून पेटीत ठेवली. बाळंतिणीले लागंल, म्हणाल्या. बरोबरच होतं ते.

निघताना

गाडी आली, पाट्या चढल्या, पंपानं पाणी फेकलं. रेखाचं रक्त दुसऱ्यांदा तपासलं, ते कोरं निघालं त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. निघताना बादलची मच्छरदाणी मी स्वतः गोठ्यात परत बांधली. शालिकरामभाऊ बाजूला उभे होते. म्हणाले, त्यालेबी तुहा वास लागला असंन.

काकू जीपपर्यंत आल्या. मी पाया पडलो तेव्हा त्यांचे हात बघितले. कोपरापासून मनगटापर्यंत डास चावल्याचे लाल ठिपके, खाजवून काही काळे पडलेले. पांढरी रेखाकडं होती, हिरवी माझ्याकडं, नवी पेटीत. त्या सतरा दिवसांत ही बाई कुठं झोपत होती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मागच्या महिन्यात फोन आला, रेखाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पेटीतली मच्छरदाणी तिच्यावर टाकलीय, काकू म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं की मी गोळ्या पुऱ्या केल्या का.

काकू, हा अंक गुरुजी तुम्हाला पोस्टानं पाठवणार आहेत. रेखा वाचून दाखवेल. मी तुमचं देणं लागतो, आणि मी येणार. हे पीक निघालं की घनसाळ तांदूळ घेऊन येईन, पेज मी स्वतः शिजवीन. मच्छरदाणीही आणीन, पण ती तुमच्या हातात देणार नाही. हातात दिली की ती पेटीत जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या खाटेशी चार खिळे मी ठोकीन, दोऱ्या मी बांधीन, आणि तुम्ही आत जाऊन झोपल्याशिवाय तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही.